वरच्या रेघेलान

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला चौदा महिने झाले होते. राहून गेलं म्हणजे विसरलं असं नव्हे. विसरणारा माणूस सुखी असतो. हे पत्र टेबलाच्या डाव्या खणात, चष्म्याच्या जुन्या घरांखाली पडलेलं होतं, आणि तो खण उघडायला लागू नये म्हणून या गृहस्थांनी चष्मा खिशात उघडाच ठेवायला सुरुवात केली होती. काचेवर चरे पडले, पण खण उघडला नाही.

हे गृहस्थ एका छापखान्यात एकोणचाळीस वर्षं प्रुफं तपासत होते. तिथं त्यांना सगळे अनुस्वार म्हणत. अंगानं लहान, बसायचे उंच स्टुलावर, आणि असले तरी कुणाच्या लक्षात यायचे नाहीत. नसले की मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणात त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा दोन-तीन जणांनी मान वळवून पाहिलं, हे कोण म्हणून. आपणही त्यांना अनुस्वारच म्हणू. त्यांची हरकत नसावी. हरकत ते फक्त कागदावर घेत, समासात, लाल पेन्सिलीनं.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. पाटीवर त्यांचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते तिनं. पुढं तिची शाळा सुटली, आणि यांची एका अर्थानं कधी सुटलीच नाही. आता ताईला ऐकू येत नाही. फोनवर "कशी आहेस?" विचारलं की ती "हो, जेवले" म्हणते. त्यामुळे दोघांमध्ये उरला तो कागद.

पत्र असं होतं:

"धाकट्यास अनेक आशीर्वाद. यांची गाडी तुझ्याकडे पाठवली आहे. तुला न विचारता पाठवली, रागावू नकोस. हे जायच्या आधी म्हणाले, गाडी धाकट्याला द्या. त्याच्या हातांना काही येत नाही, पण त्याला वाचता येतं. सांगितलेलं नीट वाचून तसं करील. यांच्या हातात अठरा वर्षांत गाडीतून एक थेंब गळला नाही. तेल वरच्या रेघेला लागेल इतकं असू दे, हे यांचं खास सांगणं. गाडी पोचली की उलट टपाली कळव. आणि एकदा मला तीत बसवून ने. कुठंही ने."

अर्थात ताईनं ते असं लिहिलेलं नव्हतं. तिचे शब्द एकमेकांचे हात धरून चालतात, वेलांट्या वाट चुकतात. मूळ पत्राचं हे रूप झालं ते अनुस्वारांच्या लाल पेन्सिलीमुळे. छापलेलं वा लिहिलेलं काहीही हातात आलं की दुसऱ्या हातात पेन्सिल आपोआप यायची. पत्र वाचून डोळे पुसेपर्यंत अकरा खुणा करून झाल्या होत्या. मग मात्र त्यांना विलक्षण लाज वाटली. जिनं अक्षर गिरवून घेतलं, तिच्याच पत्रात चुका? त्यांनी खोडरबर घेतला. पण छापखान्याची लाल पेन्सिल पुसली जात नाही, पसरते. पत्राला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

गाडी आली. म्हातारी, निळी, दारं लावताना माणसासारखं कण्हणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी अनुस्वार आठवणीनं तेल बघायला खाली गेले. इंजिनातून तेल मोजायची काठी काढली, पुसली, घातली, परत काढली. तेल खालच्या रेघेशी होतं. गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तकात चौदाव्या पानावर स्पष्ट छापलं होतं की तेल वरच्या खुणेपर्यंत असावं. ताईचं पत्रही तेच सांगत होतं. दोन स्वतंत्र आधार. अनुस्वारांनी तेलाचे डबे आणले आणि अगदी वरच्या रेघेला लागेल इतकं तेल घातलं. एका वेळी चमचाभर, शेवटी शेवटी तर थेंबानं. गाडीतून छोटी फेरी मारून आले, हात धुतले, आणि लिहायला बसले: "गाडी सुखरूप पोचली. उत्तम आहे."

इतकं लिहून त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. आवारात नुकतीच नवी फरशी बसवली होती, फिकट पिवळी. त्या फरशीवर, गाडीच्या पोटाखाली, एक काळाभोर, गोल, अगदी प्रमाणात काढलेला अनुस्वार होता.

आता "उत्तम आहे" कसं जाऊ द्यायचं? एकोणचाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्याची एक चुकीची वेलांटी पुढं जाऊ दिली नाही, त्यानं स्वतःच्या हातानं खोटं विशेषण पाठवायचं? बरं, "गळते आहे" लिहावं तर अठरा वर्षं एक थेंब सांडू न देणाऱ्या भावोजींना काय वाटेल? ते हयात नव्हते, हे खरं. पण अनुस्वारांना गेलेल्या माणसांचाही संकोच वाटत असे.

"आधी दुरुस्त करून घेतो, मग लिहितो," ते बायकोला म्हणाले. "दोन दिवसांचा प्रश्न आहे."

बायकोनं वर पाहिलं नाही. "न्हाणीघराचा नळ तुम्ही दोन दिवसांत करणार होतात," ती म्हणाली. "तेव्हा आपली मुलगी शाळेत होती. आता तिची मुलगी शाळेत आहे."

कोपऱ्यावर एक गॅरेज होतं. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं: "येथे सर्व गाड्यांची दूरूस्ति केली जाईल." एका शब्दात तीन चुका. अनुस्वार त्या पाटीखालून जाताना एखाद्या भल्या माणसानं अपघात पाहताना वळवावी तशी मान वळवत. मेकॅनिक मात्र देवमाणूस. त्याला एकच सवय होती: कुठलंही वाक्य तो "तसं काही नाही" पासून सुरू करायचा.

"तसं काही नाही, काका," तो गाडीखालून म्हणाला. "चेंबरच्या बोल्टाचं वॉशर गेलंय."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेलं तेलाचं भांडं, हे अनुस्वारांनी घरी येऊन पुस्तकात पाहिलं. तिथं विचारायची लाज वाटली. मेकॅनिकनं तेल काढलं, वॉशर बदललं, माहितीपुस्तकात दिलेल्या मापाचं नवं तेल भरलं. दोन दिवस फरशी कोरी. अनुस्वारांनी पत्राचा कागदही काढला. पण रविवार होता. रविवारी गाडीचं तेल तपासावं असं पुस्तकात होतं, म्हणून पत्राआधी ते खाली गेले. पाहतात तर तेल खालच्याच रेघेला. मेकॅनिक घाईचा माणूस, कमी भरलं असेल. त्याला बोलून दुखवण्यापेक्षा आपणच घालावं, म्हणून त्यांनी वरच्या रेघेपर्यंत घातलं आणि नेहमीची फेरी मारून आले.

सोमवारी सकाळी फरशीवर अनुस्वार. एक नव्हे, दोन. म्हणजे विसर्गच.

इथून पुढं प्रकरण शेजाऱ्यांच्या हातात गेलं. माणसाला ताप आला तर शेजारी दारातून विचारून जातात; गाडीला काही झालं तर आत येऊन बसतात. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांच्या गाडीला कधीच काही होत नसे, कारण त्यांच्याकडे गाडी नव्हती. ते दवाखान्यातला लांब दांडीचा छोटा आरसा घेऊन खाली आले.

"उघडा," ते म्हणाले. अनुस्वारांनी बॉनेट उघडलं. "जरा मोठं उघडा. हां. दुखतंय का कुठं?"

"कुणाला?"

"सवय हो, सवय." डॉक्टरांनी आरसा इंजिनाच्या मागच्या फटीत घातला. "इथं सगळीकडेच काळं आहे. कीड नेमकी कुठं आहे ते आधी साफ केल्याशिवाय कळायचं नाही. धुऊन काढा सगळं, आणि वर पांढरी पावडर भुरभुरवा. तेल जिथून निघेल तिथून पावडरीवर ओघळ दिसेल."

सल्ला शास्त्रशुद्ध होता. पावडर घरात होती. बायकोनं नवा डबा कालच फोडला होता.

"माझी पावडर? इंजिनाला?" ती गॅलरीतून खाली बघत म्हणाली. "लावा, लावा. मानेला पण लावा तिच्या. बेचाळीस वर्षांत माझ्यासाठी एकदा डबा धरून उभे राहिला नाहीत."

अनुस्वार लाजेनं इतके लाल झाले की डॉक्टरांनी त्यांची नाडी पाहिली.

पावडरीतून तेलाचे ओघळ दिसले ते चार ठिकाणी. वरच्या झाकणाशी, मागं, बाजूला, आणि एक डॉक्टरांच्या बाहीवर. मेकॅनिकनं पावडर हुंगली, "तसं काही नाही, पण गाडीला वास छान येतोय," म्हणाला, आणि झाकणाचं पॅकिंग बदललं. दोन दिवस कोरडे. रविवारी अनुस्वारांनी काठी पाहिली, तेल घातलं, फेरी मारली. सोमवारी ठिपके. मग चेंबरचं पॅकिंग. दोन दिवस कोरडे, रविवारी काठी, सोमवारी ठिपके. वाचणाऱ्याला आतापर्यंत शंका आली असेल. अनुस्वारांना आली नाही. ज्याला दुसऱ्याच्या चुका शोधायची सवय असते त्याला आपली दिसायला वेळ लागतो, आणि ज्याला स्वतःवर मुळीच भरवसा नसतो तो छापलेल्यावर जास्तच ठेवतो.

त्यांनी आपल्या परीनं शास्त्र चालवलं होतं. घरात जुन्या गॅली-प्रुफांचे गठ्ठे होते. लांबच लांब कागद, एका बाजूला छापलेले. रोज सकाळी ते एक कागद कोऱ्या बाजूनं गाडीखाली सरकवत आणि संध्याकाळी काढून प्रत्येक डागाभोवती लाल वर्तुळ करून समासात वेळ लिहीत. सहा महिन्यांत अशी दीडशे प्रुफं झाली. वाऱ्यानं त्यातलं एक उडून तळमजल्यावरच्या चिटणिसांच्या दारात गेलं, आणि नोटीस आली.

इमारतीचे चिटणीस वाईट माणूस नव्हते. नवी फरशी त्यांच्या कारकिर्दीतली होती, आणि कारकिर्दीत दुसरं काही नव्हतं. नोटीस त्यांनी स्वतः टाइप केली होती. ती अशी: "आपण गेले कित्येक दिवस आवारात तेल गळत असून त्यामुळे सभासद घसरत आहेत. तरी आपण स्वतःस तातडीने दुरुस्त करून घ्यावे. अन्यथा आपणास उचलून बाहेर नेण्यात येईल."

प्रत्येक वाक्यातून "वाहन" हा शब्द गळला होता. गळतीच्या नोटिशीतच गळती. अनुस्वारांनी हे हसण्यावारी नेलं असतं तर ते अनुस्वार कसले? त्यांनी दोन ठिकाणी बाण काढून "वाहन" घातलं, "आपणास"चं "त्यास" केलं, आणि आपण सहकार्य केलं अशा भावनेनं नोटीस परत नेऊन दिली.

"काका," चिटणीस बराच वेळ कागदाकडे बघत म्हणाले, "मी तुम्हाला नोटीस दिली. तुम्ही मला वही तपासून दिलीत."

"नाही, नाही, तसा हेतू... फक्त अर्थ स्पष्ट व्हावा..."

"अर्थ स्पष्ट आहे. महिनाअखेर. गाडी गळत नाही असा लेखी दाखला आणा, शिक्क्यासह. नाहीतर एक तारखेला गाडी फाटकाबाहेर. आणि बाहेरच्या रस्त्यावर गाड्या ठेवायला बंदी आहे, ते तुम्हाला माहीत आहेच. तिथल्या पाटीवरही तुम्ही एक मात्रा घातलीय."

ते खरं होतं. अनुस्वार खाली मान घालून घरी आले.

म्हणजे आता गाडीच जायची वेळ आली. कुठं जाणार? भंगारात. आणि ताईला काय लिहायचं? गाडी पोचली, गळली, आणि गेली?

मेकॅनिकला त्यांनी सगळं सांगितलं. त्यानं प्रथमच वाक्याची सुरुवात बदलली. "हे अवघड आहे, काका. आता इंजिनाच्या मागच्या बाजूचं सीलच गेलेलं असणार. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो." गिअरबॉक्स उतरवला. गाडी आठ दिवस गॅरेजात पोट उघडं टाकून पडली होती, आणि अनुस्वार रोज जाऊन शेजारच्या लोखंडी खुर्चीवर, रुग्णाच्या नातेवाइकासारखे बसत. नवं सील बसलं. शुक्रवारी गाडी घरी आली. शनिवार कोरडा. दाखला जिथं दाखवायचा ती इमारतीच्या समितीची बैठक रविवारी संध्याकाळी होती.

मेकॅनिककडे लेटरहेड नव्हतं. त्यानं सीलच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर लिहून दिलं: "तसं काही नाही. गाडी ठिक आहे." अनुस्वारांच्या हातात पेन्सिल होती. "ठिक" ऱ्हस्व होतं. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली; आयुष्यात पहिल्यांदा. शिक्का मेकॅनिककडे नव्हताच. डॉक्टर म्हणाले, "शिक्का म्हणजे शिक्का. तपासणी मीही केलीय." आणि त्यांनी आपला उमटवला.

बैठकीला जायच्या आधी, रविवार असल्यामुळे, अनुस्वारांनी काठी पाहिली. तेल खालच्या रेघेला. त्यांनी घातलं, वर लागेल इतकं, आणि सीलची परीक्षा व्हावी म्हणून चांगली दोन फेऱ्यांची रपेट मारून आले.

चिटणिसांनी दाखला मोठ्यानं वाचला. "'तसं काही नाही. गाडी ठिक आहे.' दंतशल्यचिकित्सक. वेळ सकाळी दहा ते एक." त्यांनी चष्मा काढला. "काका, गाडीची दाढ काढलीत?"

समिती हसली. अनुस्वारही हसायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात सगळ्यांना गाडी प्रत्यक्ष बघायची इच्छा झाली. सातही सभासद गाडीभोवती उभे राहिले. पूर्ण शांतता. आणि त्या शांततेत, पिवळ्या फरशीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा एक टप आवाज झाला.

डॉक्टर हळूच म्हणाले, "रूट कॅनाल करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला.

"मामा, आई विचारतेय तू रागावलास का?"

"मी? मी कशाला रागावू?"

"तिला वाटतं न विचारता गाडी पाठवली म्हणून. वर्ष झालं रे तुझ्या दोन ओळी नाहीत. रोज फाटकाशी जाऊन पोस्टमनला विचारते. तो बिचारा आता मागच्या गल्लीनं जातो. काल म्हणाली, त्याला गाडी नको असेल तर भंगारात देऊ दे, मी काही म्हणणार नाही. पण तेवढं लिही म्हणावं."

"तिला सांग, मी रागावलो नाही. तिला..."

"मी सांगून काय उपयोग? ती म्हणते, धाकट्याचं अक्षर दाखव."

अनुस्वारांनी फोन ठेवला. बायको शिवणाचं मशीन थांबवून बघत होती.

"लिहा आता," ती म्हणाली. "गळते म्हणून लिहा. गळणं म्हणजे काय गुन्हा आहे? या वयात सगळंच थोडंथोडं गळतं. भावोजींनी गाडी तुम्हाला दिली ती शोभेला नाही दिली, आणि ताईंना काय तेलाशी घेणं आहे? त्यांना तुम्ही हवे आहात."

"पण भावोजी म्हणाले होते, हा वाचून नीट करील."

"मग वाचा. पत्र काढा. काय विचारलंय ते बघून एकेकाचं उत्तर द्या. परीक्षेत देतात तसं."

खण उघडला. चष्म्याची घरं बाजूला झाली. पत्र लाल डागांसकट तसंच होतं. अनुस्वारांनी चरे पडलेला चष्मा लावला आणि चौदा महिन्यांनी ते वाचायला घेतलं. पण पसरलेल्या लाल रंगामुळे आता त्यांच्या दुरुस्त्या नीट दिसत नव्हत्या, म्हणून नाइलाजानं त्यांना ताईचं मूळ अक्षरच वाचावं लागलं. "तुलान विचारता पाठवली." तिचा "न" नेहमी मागच्या शब्दाला बिलगतो. लहानपणापासून. इथं त्यांनी उभी रेघ मारून तो सोडवला होता. बरोबर. "यांच्या हातात अठरा वर्षांत गाडीतून एक थेंबन गळला." तिच्या जुन्या धाटणीनं. तिथं "गळला नाही" केलं होतं. तेही बरोबर.

मग पुढची ओळ.

"तेल वरच्या रेघेलान लागेल इतकं असू दे."

त्या "न"वर त्यांच्याच हातची, काढून टाका अशी सांगणारी, ऐटदार वळणाची लाल खूण होती.

अनुस्वार खाली बसले. खुर्ची नव्हती, पलंग होता, म्हणून वाचले.

रेघेला न लागेल. वरच्या रेघेला न लागेल इतकं.

छापखान्यात एक नियम होता. त्यांनी नव्या माणसांना तो पहिल्या दिवशी सांगितलेला असे: दोन अर्थ होत असतील तर हात लावायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी हा नियम कुणासाठी मोडला नव्हता. कुजके लेखक होते, उर्मट लेखक होते, सगळ्यांना विचारलं होतं. विचारलं नाही ते एका ताईला. तिचं चुकलंच असणार, असं धरून चालले.

ते पत्र घेऊन तसेच खाली उतरले. पायात घरातल्या सपाता होत्या. कोपऱ्यावरच्या पाटीखालून जाताना मान वळवायचंही राहून गेलं.

मेकॅनिकनं हात पुसत ऐकून घेतलं. मग तो अनुस्वारांबरोबर आवारात आला, गाडीचं बॉनेट उघडलं, काठी काढली, आणि डोळ्यांसमोर धरून तिच्याकडे पहिल्यांदाच तेलासाठी नव्हे तर काठी म्हणून पाहिलं. परत गॅरेजात जाऊन तो याच जातीच्या एका मोडक्या इंजिनातली काठी घेऊन आला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. अनुस्वारांच्या गाडीची काठी दोन बोटं आखूड होती.

"ही हिची काठीच नाही, काका. मूळची मोडली असणार. तुमच्या भावोजींनी दुसऱ्या कुठल्या गाडीची बसवली, आणि हिशेब डोक्यात ठेवला. हिचं पोट खालच्या रेघेलाच भरतं. तुम्ही वरच्या रेघेपर्यंत घालत होतात." त्यानं काठी खाली केली. "जेवून उठलेल्या माणसाला आग्रह करून अजून दोन पानं वाढली तर तो काय करील? मिळेल तिथून बाहेर काढील. तेच केलं तिनं. कुठली पॅकिंगं आणि कुठलं सील घेऊन बसलोय आपण?"

"म्हणजे आधी गळतच नव्हती?"

"एक थेंब नाही."

अनुस्वारांनी पत्र पुढं धरलं. मेकॅनिकनं ती ओळ बोट न लावता, लांबूनच वाचली. "हे कुणी लिहिलंय?"

"ताईनं."

"आणि हे लाल?"

अनुस्वारांनी पत्राची घडी घातली. मेकॅनिकनं काठी पुसली, पुसून झाल्यावरही पुसली.

"तसं काही नाही, काका," तो हळूच म्हणाला. "मीपण पुस्तकातलं माप वाचून मोकळा झालो की, काठीकडे नीट बघितलंच नाही. माझ्या हातून घातलेलं माप खाली दिसलं असतं, तर मलाही वाटलं असतं, कमी पडलं. वाचायची चूक दोघांची."

जास्तीचं तेल काढलं. मग तीन दिवस गाडीखाली एकच कागद ठेवला. रोज फेरी मारून झाली की बायको स्वतः खाली जाऊन बघून यायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अनुस्वारांनी कागद काढला. कोरा. समोर धरला, तिरपा धरला, उजेडात धरला. मग लाल पेन्सिल घेऊन, निर्दोष प्रुफावर लिहितात तेच खाली लिहिलं, "छापण्यास हरकत नाही," आणि सही करून तो हातभर लांब कागद चिटणिसांना नेऊन दिला.

"हा काय दाखला?"

"यापेक्षा मोठा मला देता येत नाही," अनुस्वार म्हणाले. हे वाक्य त्यांनी न अडखळता म्हटलं, याचं त्यांना जिना चढताना आश्चर्य वाटलं.

चिटणिसांनी खाली जाऊन पाहिलं. फरशी पाहिली, गुडघे टेकून पाहिली. एक तारीख आली आणि गेली, गाडी तिथंच राहिली. दोन तारखेला चिटणीस दारात उभे, हातात टाइप केलेला कागद.

"पाण्याच्या टाकीची नोटीस आहे. म्हटलं लावायच्या आधी तुमच्या नजरेखालून..."

अनुस्वारांनी वाचली. "सर्व सभासदांनी टाकीत उतरून स्वच्छता करण्यात येईल याची नोंद घ्यावी," असं होतं. त्यांनी पेन्सिल उचलली, मग ठेवली, आणि समासात लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. "इथं तुम्हाला काय म्हणायचंय?" त्यांनी विचारलं.

चिटणिसांना हा प्रश्न याआधी कुणी विचारला नसावा. ते आत येऊन बसले.

ते गेल्यावर अनुस्वारांनी पत्राचा कागद काढला. आजवर ते साधी चिठ्ठीसुद्धा आधी कच्ची, मग पक्की लिहीत. आज बायको समोर बसली होती. "कच्चं नाही," ती म्हणाली. "तुमचं कच्चं म्हणजे आणखी चौदा महिने. एकदाच लिहा, आणि पाकीट माझ्यासमोर बंद करा. मागं वळून बघायचं नाही."

त्यांनी लिहिलं. इतकं भरभर ते कधी लिहीत नसत; अक्षर पाटीवरच्यासारखं मोठं, गोल येत गेलं. "ताईस नमस्कार. मी रागावलो नव्हतो. लाजलो होतो. तू बरोबर लिहिलं होतंस, मी चुकीचं वाचलं. भावोजींना माझ्यातर्फे सांग, की हा वाचतो, पण विचारत नाही. पुढच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. तयार राहा. कुठंही जाऊ. गाडी आता न गळता चालते." खाली सही केली, धाकटा. पाकीट बंद झालं. कोपऱ्यावर गॅरेजासमोर पोस्टाची पेटी होती. दोघंही चालत गेले.

मेकॅनिक पाटीखाली उभा होता. "काका," त्यानं हाक मारली, "ही पाटी रंगवायला काढतोय. लोक म्हणतात काहीतरी चुकलंय हिच्यात. तुम्ही रोज जाता इथून. काही दिसलं का कधी?"

अनुस्वारांनी वर पाहिलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्या शब्दाकडे सरळ पाहिलं. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"तसं काही नाही," ते म्हणाले. "तुला नीट करायची असेल तर सांगतो. पण अर्थ पोचतो."

पाकीट पेटीच्या तोंडात धरलं, सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला. त्याच क्षणी अनुस्वारांच्या डोळ्यांसमोर शेवटची ओळ आली, अगदी स्पष्ट, जशी लिहिली होती तशी. घाईत त्यांचा "न" सुटा पडलाच नव्हता. मागच्या शब्दाला जाऊन बिलगला होता. "गाडी आतान गळता चालते."

त्यांचा हात पेटीच्या फटीपर्यंत गेला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

त्यांनी हात मागं घेतला. छापखान्यातला कुठलाही माणूस त्या "न"वर अडला असता, कुणी तो उडवलाही असता. तो जसा लिहिलाय तसा वाचून बरोबर समजेल असं माणूस जगात एकच होतं, आणि पत्र त्याच पत्त्यावर चाललं होतं.

"काही नाही," अनुस्वार म्हणाले. "चल."